दहावी चिठ्ठी

पुणे, ९ ऑगस्ट १९९३

चि. शांभवी,

तुझ्या आजोबांनी तुला शाळेत घालण्याआधी घरीच देवनागरी आणि मोडी शिकवली, हे मला आठवतं. तू अजून लिहितेस, हे मात्र परवा तुझ्या अप्पांच्या पत्रातून कळलं. पत्र अर्थातच इंग्रजीत होतं. माझ्या या चुलतभावाला मराठी फक्त जिभेवर आली, बोटांत कधी उतरली नाही.

तर तुला एक काम देतो, हसू नकोस. अकरा वर्षं मी नशेच्या बोलीचा कोश करतो आहे. गांजा ओढणारे आपल्या अवस्थेला काय म्हणतात आणि ते शब्द आले कुठून, एवढंच. छापील कोशांत 'धुंद' आहे, 'तर्र' आहे, की संपलं. बाकी सगळं ओट्यांवर आणि दुकानांच्या मागच्या बाजूला बोललं जातं. चोरून बोलायचा शब्द माणसाबरोबर मरतो. तंजावूरची एकही चिठ्ठी माझ्याकडे नाही, आणि मी स्वतः तिथला.

नियम थोडे आहेत. एका चिठ्ठीवर एक शब्द. तो ज्या वाक्यात कानावर पडला ते वाक्य जसंच्या तसं. बोलणाऱ्याचं नाव, वय, धंदा, गाव. शेवटच्या रकान्यात 'ऐकीव' किंवा 'अनुभवाचा'. लिहिलेली चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही. चूक निघाली तर तिला नवी जोडायची. एक चिठ्ठी बनावट ठरली तर उरलेल्या चार हजारांवर कोण विश्वास ठेवील?

तुझा अनिरुद्धकाका


तंजावूर, २९ ऑगस्ट १९९३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

आपले पत्र मी तीनदा वाचले. आधी वाटले, नाही म्हणावे. मी तेवीस वर्षांची मुलगी. गांजाचे शब्द विचारत कोठे हिंडू? पण ग्रंथालयात मोडी कागदांची यादी करण्याचे माझे रोजंदारीचे काम चारला संपते, आणि परतीच्या वाटेवर, राजवाड्यामागच्या गल्लीत, रघोजी शिंप्यांचे दुकान आहे. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि चिलीम लपवीत नाहीत. आईचे ब्लाऊज घेऊन गेले आणि धीर करून विचारले.

ते म्हणाले, "लिहून घेतेस काय? पोलिसाची वही काय ती?" मी आपले नाव सांगितले तसे हसले. "पुण्यास गेला तो अनिरुद्ध? सरि, लिही. रघोजी म्हणून सरळ लिही. ह्या वयात मज कोण धरणार?"

त्यांचे सगळे शब्द शिवणकामातले आहेत. गांजा चढू लागला की 'टाका पडला'. पुरता चढला की 'उसवला'. जास्त झाला आणि माणूस एकाच जागी बसून राहिला तर 'काजांत अडकला'. तिरुवैयारूहून येणारे त्यांचे जुने गिऱ्हाईक, गाण्यातले, त्यालाच 'श्रुति लागली' म्हणत. हा मात्र रघोजींनी ऐकलेला, म्हणून मी 'ऐकीव' लिहिले. नऊ चिठ्ठ्या पाठवते आहे.

दहावी लिहिलेली आहे, पण पाठवायचा धीर होत नाही. बोलणाऱ्याची नावे आपल्या कपाटातच राहतात ना? हे कृपा करून कळवावे.

शांभवी

ता. क. रघोजींचे वय त्यांनी सांगितलेले आहे. दाखला पाहिलेला नाही. तसे चिठ्ठीवर लिहायला हवे होते काय?


पुणे, १४ सप्टेंबर १९९३

चि. शांभवी,

चिठ्ठ्या पाहून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. 'उसवला'! आणि तुझी ती 'श्रुति'. आमच्याकडे 'तारेत आहे' म्हणतात. ती तार तंबोऱ्याची, असं एक गृहस्थ मला छातीठोक सांगतात. मी मानत नव्हतो, अजूनही पुरता मानत नाही, पण कावेरीकाठचे गवई तेच म्हणत असतील तर माझ्या नकाराच्या चिठ्ठीला आता शंकेची चिठ्ठी जोडावी लागेल. तमिळमधला 'मप्पु' तुझ्या कानावर येत असेल. आभाळ भरून येतं तोही मप्पु आणि डोक्यात भरतो तोही. आपला 'अंमल' तसाच. राजाचा अंमल बसतो आणि गांजाचाही. आपल्या मराठी राजांचा उतरला तेव्हा आपली घरं तंजावूरलाच बसून राहिली, हा भाग वेगळा.

दहावी पाठव. चिठ्ठी रोखून धरणं हीसुद्धा एक प्रकारची खाडाखोडच. नाव हा तर या कामाचा कणा. नाव नसेल तर शब्द कुणाचाच नाही.

दुसरं, तुझ्या अप्पांना मी एक स्थळ सुचवलं आहे. कृष्णस्वामीराव मूळ आपल्या कुंभकोणमकडचे, तीस वर्षं पुण्यात. घरात मराठी वाचतात. मुलगा प्रवीणकुमार. नवीन मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. पोंगलला ते तंजावूरला येतील. तू पुण्यात आलीस तर माझ्या टेबलासमोरची खुर्ची तुझी.

काका


तंजावूर, १० ऑक्टोबर १९९३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

मी नावांविषयी विचारले त्याचे उत्तर आपण दिले नाही. मी ते 'होय, कपाटातच राहतात' असे समजले. तसे नसेल तर पुढचे वाचू नये.

दहावी चिठ्ठी सोबत आहे. बोलणारा माझा भाऊ भरद्वाज, वय वीस, बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. मी मागे कपडे वाळत घालीत होते. तो पायरीवर मित्राशी, शहाजीशी, बोलत होता. शहाजीने विचारले, कुठे होतास? हा म्हणाला, "कोठें नाही पा. सुम्मा, उगाच, छत्रात जाऊन आलों. तिसरा दिवस झाला की घरांत शिरतों."

आपल्याला ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र ठाऊकच आहे. आजोबा सांगत, राजांच्या काळी तेथे वाटसरूला 'कुठला, कुणाचा' न विचारता पान वाढीत. तीन दिवस राहू देत. चौथ्या दिवशी त्याने वाटेला लागायचे. ह्या मुलांनी ते उचलले आहे. गांजा चढला की 'छत्रात गेला' आणि उतरू लागला की 'तिसरा दिवस'.

मी भरद्वाजला सरळ विचारले. तो घाबरला नाही. रविवारी दुपारी रघोजींच्या दुकानामागे बसतो म्हणाला. "तेथें कुणी विचारत नाही अक्का. मार्क किती, पुढें काय, अप्पांच्या ऑफिसांत लागतोस काय. दोन तास कुणी कांही विचारत नाही." हे मी लिहू काय, असे विचारले तर हसला. "लिही की. येथें वाचणार कोण?"

ते खरे आहे. आमच्या घरात मी सोडून देवनागरी कुणालाच येत नाही. दर वर्षी आजोबांच्या तिथीला त्यांचे एक जुने पत्र मीच वाचते आणि अप्पा डोळे मिटून ऐकतात.

त्याने स्वतः सांगितले म्हणून शेवटच्या रकान्यात 'अनुभवाचा' लिहिले आहे. 'ऐकीव' लिहावेसे फार वाटले. पण ते खोटे झाले असते.

स्थळाविषयी मला कुणी विचारलेले नाही. विचारले तर काय म्हणेन, ते सांगते. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येतील अशा गावात राहायला मला आवडेल.

शांभवी


पुणे, ३० जानेवारी १९९४

चि. शांभवी,

कृष्णस्वामीराव खूश होऊन परतले. प्रवीणकुमार तर मला विचारत होता, मोडी शिकायला किती दिवस लागतात!

आमच्या मंडळाच्या त्रैमासिकात कोशाचा नमुना छापून आला आहे. त्यात तंजावूरला अख्खं पान दिलं आणि संग्राहक म्हणून तुझं नाव ठळक टाकलं. एक प्रत कृष्णस्वामीरावांना नेऊन दिली. म्हटलं, मुलीच्या हातचं जेवलात, आता तिचं काम वाचा. तुझी प्रत बुकपोस्टाने येते आहे.

काका


तंजावूर, ४ फेब्रुवारी १९९४

काका,

अंक आज आला. पान चव्वेचाळीस. 'छत्रात जाणें. वक्ता: भरद्वाज बाळकृष्णराव, वय २०, विद्यार्थी, तंजावूर. अनुभवाचा.' वर ठळक अक्षरांत माझे नाव.

मी विचारले होते. दोनदा विचारले होते. आपण छापणार म्हणून लिहिले असते तर मी पाठविली नसती. की पाठविली असती? ठाऊक नाही. पण विचारायला हवे होते.

अंक मी मोडीच्या गठ्ठ्याखाली ठेवला आहे. येथे तो कुणी वाचणार नाही. आपण तो पुण्यात कुणाला दिला असेल तर कृपा करून परत मागून घ्यावा. प्रवीणकुमारांच्या घरी तर मुळीच देऊ नये.

शांभवी


पुणे, ११ फेब्रुवारी १९९४

चि. शांभवी,

तुझं पत्र आणि माझं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेली दिसतात. आज कृष्णस्वामीरावांकडे गेलो होतो. अंक त्यांच्या वडील बहिणीने वाचायला नेला आहे. लोक असली पानं चाळतात, वाचत नाहीत. तू गप्प राहा.

काका


तंजावूर, २६ फेब्रुवारी १९९४

काका,

त्यांनी वाचले.

सोमवारी अप्पांना कृष्णस्वामीरावांचे इंग्रजी पत्र आले. सोबत पान चव्वेचाळीस फाडून जोडले होते. पत्रात एवढेच, की सोबतच्या पानावरील भरद्वाज हा आपला मुलगा काय, ते कळवावे. अप्पांना पान कसले ते कळेना. संध्याकाळी सगळ्यांना बैठकीत बसविले. त्यांना वाटले, माझ्या कौतुकाचे काही छापून आले आहे. आईने कॉफी आणली. भरद्वाज दाराला टेकून उभा होता. अप्पांनी पान माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "वाच मा. मोठ्याने वाच."

काका, मी काहीही वाचू शकत होते. त्या घरात ती अक्षरे येणारे दुसरे कुणी नव्हते. 'भरद्वाजने मदत केली' असे वाचले असते तरी अप्पा मान हलवून ऐकत राहिले असते. हे सगळे मला त्या वेळीच सुचले. पुढचे शब्द दिसत होते, आणि माझे तोंड ते एकेक वाचत चालले होते. मी नाव वाचले. वय वाचले. 'अनुभवाचा' वाचले. आईने विचारले, "अनुभवाचा म्हणजे काय ग?" तेही सांगितले.

अप्पांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी भरद्वाजला मागच्या खोलीत जायला सांगितले आणि बाहेरून कुलूप घातले. किल्ली जानव्याला बांधली. जेवण आई नेऊन देते. दुसऱ्या दिवशी रघोजींच्या दुकानी जाऊन अप्पा नाही नाही ते बोलून आले. रघोजी म्हणाले म्हणे, "बाळकृष्णराव, तुमचा पोरगा माझ्याकडे ओढतो तें खरें. घरांत त्यास श्वास घेऊं देता तर येथें धूर कशास घेता?"

अप्पांचे म्हणणे असे. मी कृष्णस्वामीरावांना देवनागरीत, छापले त्याच लिपीत, लिहून द्यायचे, की शब्द मी मनाने रचला आणि भावाचे नाव उगाच घातले. ते पत्र गेले की कुलूप निघेल. नाही तर नाही. "परीक्षा गेली तर जाऊं दे. घराण्याचें नांव पेपरांत आलें, त्याच्यापुढें परीक्षा काय?" परीक्षा ५ एप्रिलपासून आहे.

काल दुपारी मी खिडकीशी गेले. भरद्वाज गजांपलीकडे पुस्तक घेऊन बसला होता. म्हणाला, "अक्का, एक विचारूं? तू दुसरें कांही वाचलें असतेंस तर कुणास कळलें असतें?" रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचे म्हणून विचारीत होता. 

आपली चार हजार चिठ्ठ्यांची गोष्ट मी विसरलेली नाही. म्हणून अजून काही लिहिलेले नाही.

शांभवी


पुणे, ८ मार्च १९९४

चि. शांभवी,

दोन दिवस उत्तर लिहून फाडतो आहे. चिठ्ठ्यांना लावलेला नियम पत्रांना लावत नाही, हे बरं.

आधी वाटलं, सोपं आहे. भरद्वाज नावाची मुलं तंजावूरला पुष्कळ. पण बापाचं नाव मीच छापलं. मग वाटलं, पुढच्या अंकात 'चिठ्ठी क्र. १० संशयास्पद' अशी ओळ टाकावी. मुद्रकाला फोन करायला उठलो, आणि कपाटाशीच थांबलो.

त्या कपाटातल्या पहिल्या चाळीस चिठ्ठ्यांवर वक्ता म्हणून 'एक परिचित गृहस्थ' असं लिहिलं आहे. वय नाही, गाव नाही. शेवटच्या रकान्यात 'ऐकीव'. तो गृहस्थ मी. तंजावूर सोडून आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, इथं कुणी ओळखीचं नव्हतं, चार वर्षं मी रोज ओढत होतो. ते शब्द माझे स्वतःचे आहेत. अकरा वर्षं मी लोकांच्या नावांसाठी हटून बसलो आणि स्वतःचं तेवढं वगळलं. तू 'अनुभवाचा' लिहिलंस तो रकाना मी एकदाही खरा भरला नाही.

तेव्हा माझ्या चार हजारांचं ओझं डोक्यावर घेऊ नकोस. त्या आधीच खोट्या आहेत. अप्पा सांगतात तसं लिहून दे. पोराची परीक्षा वाचव.

अनिरुद्धकाका


तंजावूर, २० मार्च १९९४

काका,

आपले पत्र वाचून मी फार वेळ बसून राहिले. रघोजी म्हणतात तसे, काजांत अडकल्यासारखी. आपला राग यायला हवा होता. आला नाही. उलट एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपण कागद खोटा ठेवलात आणि तोंडाने खरे बोलत राहिलात. मला ते उलटे करता येईल.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते कृष्णस्वामीरावांसाठी. अप्पांना वाटते, त्यात मी चिठ्ठी खोटी असल्याचे लिहिले आहे. आत हे लिहिले आहे:

'कृष्णस्वामीरावांना शांभवीचा नमस्कार. आपण विचारलेत त्याचे उत्तर. चिठ्ठी खरी आहे. वाक्य माझ्या भावाचे आहे आणि अर्थ त्याने मला विश्वासाने सांगितला. तो मी नावासकट परगावी पाठविला. ह्यात कुणाचे चुकले असेल तर माझे. मी ज्या घरात जाईन तेथेही जे ऐकेन तेच लिहीन. आपण काय ते ठरवावे.'

बुधवारी सकाळी अप्पांनी मला समोर बसवून लिहायला लावले. लिहून झाल्यावर म्हणाले, "आता वाच." मी कागद धरला आणि वाचले, 'माझा भाऊ असे काही बोललेला नाही. शब्द मी मनाने रचला. क्षमा असावी.' कागदावर त्यातले एक अक्षरही नव्हते.  

अप्पांनी कागद हातात घेतला आणि ओळींवरून बोट फिरविले. म्हणाले, "वळण माझ्या अप्पांचें आहे." मग खाली इंग्रजीत सही केली. जानव्याची किल्ली सोडली. भरद्वाज बाहेर आला तेव्हा त्याला उजेडाने डोळे उघडवत नव्हते.

शेवटचा पेपर २१ एप्रिलला आहे. हे पाकीट आपण २२ तारखेला द्यावे. त्याआधी नाही. आपण अंक द्यायला घाई केलीत. पाकिटाला उशीर करावा, एवढे मागते.

शांभवी


पुणे, २९ मार्च १९९४

चि. शांभवी,

पाकीट कपाटात आहे, त्या चाळीस चिठ्ठ्यांवर.

एकदाच विचारतो. मी ते दिलंच नाही तर? अप्पांनी जे ऐकलं तेच मी कृष्णस्वामीरावांना तोंडी सांगेन. ते मानतील, त्यांना मानायचंच आहे. प्रवीणकुमार अजून चौकशी करतो. जूनमध्ये लग्न होईल, तू इथं येशील. या गावात पाट्याच पाट्या आहेत, पोरी. कुणाला काही कळणार नाही.

काका


तंजावूर, ५ एप्रिल १९९४

काका,

भरद्वाज आज पहिल्या पेपराला गेला.

आपण विचारलेत त्यावर तीन दिवस विचार केला. 'नको' असे लगेच लिहिता आले नाही, हेही सांगायला हवे. पण मी आजवर देवनागरीत लिहिले ते यादीत गेले, गठ्ठ्यात गेले. हे एकच पत्र असे आहे, की ते वाचता येणाऱ्या माणसांना लिहिले आहे. ते त्यांना वाचू द्यावे. २२ तारखेला.

शांभवी


पुणे, २३ एप्रिल १९९४

चि. शांभवी,

काल संध्याकाळी दिलं. त्यांनी माझ्यासमोर वाचलं आणि चष्मा पुसला.  प्रवीणकुमार मला फाटकापर्यंत सोडायला आला.

घरी येऊन चाळीस नव्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. वक्ता: अनिरुद्धराव, वय ६१, तंजावूर. अनुभवाचा. जुन्यांना जोडतो आहे. आतापर्यंत सव्वीस झाल्या.

काका


तंजावूर, १९ मे १९९४

तीर्थरूप काकांना नमस्कार.

कागद पाहून चकित होऊ नये. हा रघोजींच्या बेतणीचा खाकी कागद आहे. आजोबांनी दिलेली माझी लिहिण्याची पेटी बंद आहे. हे पत्र आईच्या ब्लाऊजच्या घडीत दुकानी जाईल आणि रघोजी ते टपालात टाकतील.

भरद्वाज शेवटच्या पेपरानंतर दुसऱ्याच दिवशी मद्रासला गेला. घरोघरी टीव्हीची केबल देणाऱ्या एका कंपनीत लागला आहे. जाताना म्हणाला, "अक्का, तूंही चल." मग त्यालाच कळले, की काय बोललो.

कृष्णस्वामीरावांचे उत्तर अप्पांना २ मेला आले. इंग्रजीतच होते, त्यामुळे ते त्यांनी स्वतः वाचले. आपल्या कन्येच्या सरळपणाचा आम्हांला आदर वाटतो, पण असा सरळपणा आमच्या घराला झेपणार नाही, असे काहीसे. अप्पांनी मला बोलाविले. "तू मज काय वाचून दाखविलेंस?" मी सांगितले. "आणि लिहिलें काय होतेंस?" तेही सांगितले. ते उठले, भरद्वाजच्या खोलीचे कुलूप काढून आणले आणि आजोबांच्या त्या पेटीला लावले. ग्रंथालयातले काम बंद. देवळात आईबरोबर जाते, तेवढेच बाहेर.

ह्याचे मला इतके वाटले नसते. परवा आजोबांची तिथी होती. मी दर वर्षीप्रमाणे पत्रांची थैली घेऊन आले. अप्पांनी ती माझ्या हातून घेतली. पहिले पत्र उघडून बराच वेळ अक्षरांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "इतकीं वर्षें तू वाचलेंस, तें तरी ह्यांत होतें काय?"

होते, काका. शब्द न् शब्द होता. मी तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मान हलविली, आणि पत्र घडी करून थैलीत ठेवले. ती आता वाचणारे कुणी नाही. आपण लिहिले होते, एक चिठ्ठी बनावट ठरली तर उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवील. ते आपल्या कपाटापुरते आहे, असे मी समजत होते.

खालची चिठ्ठी अकरावी. दहावीला जोडावी. गांजा मी ओढलेला नाही, म्हणून शेवटच्या रकान्याविषयी फार विचार केला. पण आईने सकाळी विचारले, "काय ग, अशी कां बसलीस?" आणि हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप गेले. ऐकले तसे लिहिले आहे.

शब्द: चौथा दिवस.
वाक्य: 'कांही नाही आई, चौथा दिवस आहे.'
अर्थ: छत्रातून उठल्यावरचा दिवस. वाटेला लागायचे असते, पण वाट नसते.
वक्ता: शांभवी बाळकृष्णराव, वय २३, तंजावूर.
अनुभवाचा.

ह्या वेळी नाव छापावे.